फॉल-पिको आणि तिसरं नको

हर्षिताच्या पासपोर्टवर जो व्हिसा होता त्याचा अर्थ कुशलनं तिला विमानातच समजावून सांगितला होता. अमेरिकेत तिला राहता येईल, हिंडता येईल, शिकता येईल, फक्त कमावता येणार नाही. नवऱ्याचा व्हिसा हा पतंग आणि बायकोचा व्हिसा ही त्याची शेपटी, अशी ती व्यवस्था. हर्षिता नागपूरची बी.कॉम., लग्नाआधी सीताबर्डीवरच्या एका सी.ए.च्या ऑफिसात काम करून स्वतःचा पगार स्वतः आणणारी. तिनं ते सगळं हसून ऐकून घेतलं. खाली उतरल्यावर दोन-तीन महिन्यांत ते हसू आटलं.

ऍरिझोनातल्या चँडलरमध्ये उन्हाळ्यात हसू काय, काहीही आटतं. सीटबेल्टचं बक्कल हाताला चटका देतं, नळाचं थंड पाणी गरम येतं आणि माणसं घरातून गाडीत, गाडीतून दुकानात अशी सावलीसावलीनं जगतात. कुशल कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर होता. दिवसभर तो धुळीचा कण नसलेल्या खोलीत पांढरा झगा घालून वावरायचा आणि घरी येऊन वाळवंटातल्या धुळीनं माखलेली गाडी पुसायचा. गाडी एकच. त्यामुळे सत्त्याण्णव सालच्या ऑगस्टात हर्षितानं शिकायचं ठरवलं तेव्हा काय शिकायचं हे गाडीनं ठरवलं. कारखान्यात जाता जाता कुशल तिला कम्युनिटी कॉलेजच्या दारात सोडू शकेल, अशा वेळेला एकच वर्ग होता.

त्या विषयाचं नाव पहिल्या दिवशी तिला धड उच्चारताही येईना.

"आंत्रप्रनरशिप," कुशल गाडी चालवता चालवता म्हणाला. "उद्योजकता. धंदा कसा करावा ते शिकवतात."

"म्हणजे मला जे करायची परवानगी नाही, नेमकं तेच?"

"शिकायची तर आहे ना."

"पोहायला शिका, पण पाण्यात उतरू नका, असं झालं हे."

कुशलनं तिला फाटकाशी उतरवलं आणि शिफ्ट गाठायला निघून गेला.

वर्गाला शिकवायला रिक हॉलमन नावाचा माणूस होता. गुडघ्यापर्यंतची चड्डी आणि उन्हानं लाल झालेली मान. त्यानं आयुष्यात तीन धंदे काढले होते. दोन बुडाले, आणि लोकांचे पोहण्याचे तलाव साफ करायचा तिसरा इतका चालला की तो विकून आता तो निवांत शिकवत होता. त्याचा एकच मंत्र होता आणि तो रोज म्हणायचा: जो विचारत नाही, त्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, आणि ते 'नाही' असतं. हर्षिता त्याला सर म्हणायची. तो म्हणायचा, मला रिक म्हण. ती म्हणायची, येस सर.

सहामाहीभर प्रत्येकानं एक छोटासा खरा धंदा करून दाखवायचा, हाच त्या वर्गाचा अभ्यास. मिळकत कॉलेजच्या विद्यार्थी निधीत जायची, त्यामुळे हर्षिताच्या व्हिसालाही धक्का लागणार नव्हता; तसं रिकनं ऑफिसात विचारून घेतलं होतं. मग त्यानं एकेकाला उभं केलं. टायलर नावाचा उंचापुरा मुलगा म्हणाला, मी व्हॅन घेऊन घरोघर जाणार आणि कुत्र्यांना आंघोळ घालणार. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग हर्षिताची पाळी आली.

"फॉल," ती म्हणाली.

"छान," रिक म्हणाला. "फॉलमध्ये काय विकणार? भोपळे?"

"नाही सर. फॉलच."

"पण ऍरिझोनात फॉल नसतोच," टायलर म्हणाला. त्यात खोटं नव्हतं. अमेरिकेत फॉल म्हणजे पानगळीचा ऋतू, आणि तिथे झाडांची पानं पिवळी होऊन गळत नाहीत, कारण मुळात झाडंच बेताची.

"म्हणून तर इथे धंदा आहे," हर्षिता म्हणाली आणि तिनं फळ्यावर साडी काढली. साडीच्या खालच्या काठाला आतून सुती पट्टी शिवतात, म्हणजे निऱ्या जड होतात, सरळ पडतात आणि चपलेत अडकून काठ फाटत नाही. ती पट्टी म्हणजे फॉल. पदराची आणि दुसऱ्या टोकाची कड मशीनवर गुंडाळून शिवतात, तो पिको. वर्गाला त्यातलं निम्मं कळलं असेल, पण रिक मात्र पुढे वाकून ऐकत होता. गिऱ्हाइकं कोण, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, माझ्या गल्लीतच एक काकू आहेत.

या काकू म्हणजे शैलजाकाकू. मूळच्या पुण्याच्या, आता वीसेक वर्षं ऍरिझोनात मुरलेल्या. दर भारतवारीत त्या साड्या घ्यायच्या आणि दर वेळी त्या बिनफॉलच्याच परत यायच्या, कारण तिकडचा फॉल-पिकोवाला चार दिवसांनी या म्हणायचा आणि विमान तिसऱ्या दिवशी असायचं. अशा साड्यांनी त्यांचं कपाट गच्च भरलं होतं. चँडलरमधल्या, शेजारच्या गावांतल्या, अगदी फिनिक्समधल्या बायकांची कपाटंही अशीच. हर्षितानं आईकडून, म्हणजे गिरजाबाईंकडून, पोस्टानं फॉलच्या पट्ट्या मागवल्या. मागवल्या म्हणजे काय, फोनवर नुसतं "इथे फॉल मिळत नाही गं" असं म्हणाली, आणि पुढच्या महिन्यात पार्सल आलं. शिवायच्या आधी फॉल पाण्यात भिजवून आटवून घ्यावा लागतो, नाहीतर पहिल्याच धुण्यात तो आक्रसतो आणि काठाला चुण्या पडतात. नागपुरात पट्टी वाळायला दुपार जायची. चँडलरमध्ये हर्षिता दोरीच्या एका टोकाकडून वाळत घालत दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिली पट्टी कडकडीत झालेली असायची.

धंदा चांगला जमला. साडी आणायला गेलं की शैलजाकाकूंकडे चकलीची ताटली पुढे यायची.

"घे गं."

"नको काकू, आत्ताच जेवून आले."

"अगं घे एक तरी."

"नको, खरंच नको."

"मी रागवेन हं."

मग हर्षिता घ्यायची, आणि एक नाही, तीन-चार खायची, कारण ती काही जेवूनबिवून आलेली नसायची. काकूंना हे ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं. आपल्याकडे ताटली पुढे करणं ही सुरुवात असते, आणि नको म्हणणं हा त्यातलाच एक भाग.

हर्षिताच्या घरी मात्र याला नुसती रीत म्हणत नसत. तिथे तो नियम होता आणि त्यामागे गोष्ट होती. गिरजाबाई नागपुरात महापालिकेच्या शाळेत शिकवून रिटायर झालेल्या, पण त्यांचं लहानपण उमरेडकडच्या एका खेड्यात गेलं. तिथे त्यांच्या वस्तीतल्या पोरांच्या ओंजळीत गावातले लोक खाऊ वरून टाकत, हाताला हात लागणार नाही अशा बेतानं. एकदा लग्नातल्या उरलेल्या बुंदीसाठी छोट्या गिरजेनं ओंजळ पुढे केली आणि घरी आल्यावर आईचा मार खाल्ला. त्या दिवशी आईनं जे सांगितलं ते पुढे गिरजाबाईंनी आपल्या लेकीला सांगितलं. कुणी काही दिलं की आधी नको म्हणायचं. पहिलं नको रीतीचं, दुसरं नको लाजेचं, तिसरं नको खरं. ज्याला टाकायचंच असतं तो पहिल्या नकोला निघून जातो. जो तिसऱ्यांदा विचारतो त्यानं आपला मान ठेवला, त्याच्याकडून खुशाल घ्यावं.

हर्षिताला हा नियम मनापासून पटलेला होता. तो तिच्या अंगात इतका भिनला होता की नियम आहे हेही ती विसरून गेली होती.

दर शनिवारी संध्याकाळी ती आईला फोन करायची. तिकडे तेव्हा रविवारची सकाळ असायची. फोनकार्डावरची रेकॉर्ड केलेली बाई आधी किती मिनिटं उरली ते सांगायची आणि मग माय-लेकींना बोलू द्यायची.

"काय करून राहिली?" गिरजाबाई विचारायच्या.

"साड्यांना फॉल लावते आहे. आई, तू ये ना इकडे, दोन महिने राहायला."

"नको व माय. मी काय करू तिथं?"

"अगं ये ना."

"नको, तुम्हाले कशाला त्रास. तुमचं चालू द्या."

तेवढ्यात कार्डावरची बाई मध्ये बोलायची आणि फोन कटायचा. आईला यायचंच नाहीये, असं हर्षिता कुशलला सांगायची. बाबा गेल्यापासून आई एकटीच होती, म्हणून हर्षिताला वाईट वाटायचं, पण नाही म्हणते तर काय करणार, असं म्हणून ती इस्त्रीला लागायची.

असा ऑक्टोबर आला. एक दिवस वर्ग सुटल्यावर रिकनं तिला थांबवलं. नोव्हेंबरात एका बँकेच्या हॉलमध्ये शो होता. आसपासच्या सगळ्या कॉलेजांतून प्रत्येक वर्गाचा एक विद्यार्थी जाऊन परीक्षकांपुढे आपला धंदा मांडणार होता. जो पहिला येईल त्याला टेंपीच्या युनिव्हर्सिटीत पुढच्या दोन वर्षांची सगळी फी.

ही फी कुशलच्या एका पगारातून निघणं शक्य नव्हतं, हे दोघांनी कधीच मान्य करून टाकलं होतं. फी म्हणजे डिग्री. डिग्री म्हणजे पुढे स्वतःची नोकरी, स्वतःचा व्हिसा. पतंगाच्या शेपटीला स्वतःचा दोरा मिळण्याची ती एकच वाट होती.

"आपल्या वर्गातून तू जावंस असं मला वाटतं," रिक म्हणाला. "जाशील?"

"ओ नो, नो सर," हर्षिता हसून म्हणाली. "माझ्यापेक्षा चांगले लोक आहेत वर्गात."

"नक्की?"

"हो, हो. दुसऱ्या कुणाला तरी पाठवा."

आणि ती थांबली. तोंडात 'हो' तयार होता, जिभेच्या टोकावर आलेला. रिकनं क्षणभर तिच्याकडे पाहिलं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "तुझा निर्णय. मला त्याचा आदर आहे." आणि पिशवी खांद्याला लावून तो बाहेर पडला. बाहेर टायलर पाणी पीत उभा होता. काचेतून हर्षिताला दिसलं की रिकनं त्याला काहीतरी विचारलं आणि टायलरनं पहिल्याच फटक्यात होकाराची मान हलवली, वर रिकच्या पाठीवर थापही मारली.

अमेरिकेत नको म्हणजे नको असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. खरं तर पुष्कळ लोक एकदाच विचारतात. रिकनं दोनदा विचारलं हा त्याचा चांगुलपणा. घरी जायची बस चुकेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

संध्याकाळी कुशलनं हे ऐकलं आणि तो आधी हसला. मग त्यानं तिचा चेहरा पाहिला आणि घास खाली ठेवला.

"सॉरी. अगं, मग उद्या जाऊन सांग ना सरळ. सर, आय चेंज्ड माय माइंड."

"माइंड चेंज झालेलंच नाही. मला पहिल्यापासून जायचं होतं."

"मग तेच सांग."

"मागितल्यासारखं होईल ते."

"मागितल्यासारखं नाही, ते मागणंच आहे. भीड भिकेची बहीण, यार. दोन वर्षांची फी चालली आहे हातातून."

"तुला नाही कळणार," ती म्हणाली आणि भांडी घासायला गेली. कुशललाही चांगलं कळत होतं. त्याचं घरही तशाच वस्तीतलं होतं. पण त्याची आई कडक नव्हती, त्यामुळे तो मागायला शिकला होता.

पुढचे काही दिवस हर्षितानं जे केलं त्याला आपल्याकडे ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात. ती रिकच्या ऑफिसच्या आसपास घुटमळायला लागली.

"सर, टायलरची तयारी कशी चालली आहे?"

"मस्त."

"सर, शोसाठी कुणाला काही मदत लागली तर मी आहे."

"टायलरला विचार. त्याला कुत्रं धरायला माणूस हवाच आहे."

"सर, शो किती तारखेला आहे हो?"

"दारावर लावलंय बघ."

इतक्या खुणा शैलजाकाकूंना केल्या असत्या तर त्यांनी पहिल्या वाक्याला ओळखून तिच्यासाठी सगळं शहर हलवलं असतं. रिक भला माणूस, पण शब्दांपलीकडचं त्याला दिसायचं नाही. तिला त्याचा राग यायला लागला. मग स्वतःचा आला. त्या रागाच्या भरात तिनं घरी शंकरपाळे तळले आणि डबा भरून दुसऱ्या दिवशी रिकच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"घ्या सर. मी केलेत."

"नो थँक्स," रिक म्हणाला. "आत्ताच लंच झालं."

"एक तरी घ्या."

"खरंच नको. पोट भरलंय."

"अहो सर, घ्या ना. मला वाईट वाटेल."

रिकनं एक उचलला. मग दुसरा. मग खुर्ची पुढे ओढून डबाच जवळ घेतला.

"एक विचारू?" तो खाता खाता म्हणाला. "मी दोनदा नाही म्हणालो. तरी तू थांबली नाहीस. का?"

"पहिले दोन नको धरायचेच नसतात, सर," हर्षिता सहज म्हणाली. "पहिलं रीतीचं. दुसरं लाजेचं. तिसऱ्यांदा नाही म्हणाला असता तर मी डबा बंद केला असता."

रिकचा हात डब्यात तसाच राहिला.

"हर्षिता," तो म्हणाला, "शोबद्दल मी तुला किती वेळा विचारलं होतं?"

तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. "दोनदा," ती हळूच म्हणाली.

रिकनं डोक्याला हात लावला. मग तो हसायला लागला, आणि ती रडवेली झालेली पाहून थांबला. तिनं त्याला आईची गोष्ट सांगितली. वरून टाकलेला खाऊ, बुंदी, मार, सगळं. इंग्रजीत ते सांगताना ती दोनदा अडखळली.

"तुझी आई बरोबर होती," तो शेवटी म्हणाला. "त्या गावात बरोबर होती. आता ऐक. मी तुला तिसऱ्यांदा विचारू शकतो, पण विचारणार नाही. कारण मग तू माझा वर्ग न शिकताच पास होशील. काय हवंय ते तू मला सांग."

'मला हवंय' हे वाक्य आयुष्यात तिनं कुणापुढे उच्चारलं नव्हतं. आईपुढेही नाही, फॉलच्या पट्ट्यासुद्धा तिनं मागितल्या नव्हत्या, नुसतं मिळत नाहीत असं म्हटलं होतं.

"मला त्या शोमध्ये जायचंय," ती म्हणाली. "मला ती फी हवी आहे."

"झालं. एवढंच होतं," रिक म्हणाला. "पण आता जागा टायलरची आहे. मी ती काढून घेणार नाही."

"नाही, नाही सर. टायलरचं मला नको."

"हे नको कितवं?"

"हे तिसरं," हर्षिता म्हणाली आणि त्या दिवसांत पहिल्यांदा मोकळी हसली.

रिकनं एक नंबर काढून फोन तिच्यापुढे सरकवला. शो भरवणाऱ्या बँकेतल्या बाई, मिसेस ओर्टेगा. त्यांनी ठरवलं तर एक नाव वाढू शकतं, पण यादी बंद झाली आहे आणि त्या नाहीच म्हणतील, असंही त्यानं सांगून ठेवलं. हर्षितानं पदर खोचल्यासारखा टी-शर्ट खाली ओढला आणि नंबर फिरवला.

मिसेस ओर्टेगा म्हणाल्या, यादी मागच्याच आठवड्यात बंद झाली. पहिलं, हर्षिता मनात म्हणाली. तिनं आपला धंदा थोडक्यात सांगितला आणि पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, खूप वेगळा धंदा आहे, पण एका वर्गाचा एकच विद्यार्थी असा नियम आहे, माझ्या हातात नाही. दुसरं. तिसऱ्यांदा मात्र तोच प्रश्न विचारायचा नसतो, नुसता हट्ट होतो तो. शैलजाकाकूसुद्धा चकली नको म्हटलं तर चिवडा पुढे करतात.

"मॅडम, जेवणानंतर लोक खुर्च्या मागे सारत असतात, त्या वेळात बोलू द्या मला," हर्षिता म्हणाली. "पाच मिनिटं. कुणी ऐकलं नाही तरी चालेल."

इथेही 'नाही' आलं असतं तर तिनं आभार मानून फोन ठेवला असता. नियम म्हणजे नियम. पण पलीकडून हसण्याचा आवाज आला.

"पाच मिनिटं," मिसेस ओर्टेगा म्हणाल्या. "नाव यादीत शेवटी घालते. आणि लोकांनी ऐकलं नाही तर माझ्याकडे तक्रार करायची नाही."

शोच्या दिवशी टायलरनं खरंच कुत्रं आणलं. स्टेजवर टबात त्याला आंघोळ घातली, आणि त्या इमानी जनावरानं परीक्षकांच्या टेबलाशी जाऊन अंग झाडलं. लोक हसले, टाळ्या पडल्या, टायलर खूश होता. मग जेवण झालं. परीक्षकांचे डोळे जड व्हायला लागले तेव्हा हर्षिता उभी राहिली. तिच्या अंगावर फॉल लावलेली हिरवी साडी होती आणि सोबत शैलजाकाकू होत्या, बिनफॉलच्या सिल्कमध्ये. दोघींनी हॉलमधून एक फेरी मारायची, एवढंच ठरलं होतं. हर्षिताच्या निऱ्या सरळ पडत होत्या. काकूंच्या निऱ्या वर चढत होत्या आणि काठ चपलेत जात होता. थोडं अडखळल्यासारखं करा, असं हर्षितानं काकूंना सांगितलं होतं. काकूंनी कसलीच काटकसर केली नाही. त्या परीक्षकांच्या टेबलापाशी इतक्या जोरात अडखळल्या की सगळ्यांत झोपाळू परीक्षकानं धडपडत उठून त्यांना सावरलं. त्यानंतर कुणीच झोपलं नाही.

"समजा, गिऱ्हाईक म्हणालं, मला याची गरज नाही," त्याच परीक्षकानं शेवटी विचारलं. "मग?"

"किती वेळा म्हणालं?" हर्षितानं विचारलं.

सगळ्यात आधी मिसेस ओर्टेगाच हसल्या.

निकाल त्यांनीच सांगितला. पहिल्या आलेल्या हर्षिताला पुढे बोलावून त्या म्हणाल्या, टेंपी लांब पडेल, शिक्षण पूर्ण वेळेचं आहे, तरी तुला ही फी घ्यायला आवड–

"हो," हर्षिता म्हणाली. वाक्य पुरं व्हायच्या आतच. मागच्या रांगेतून कुणीतरी एकटंच जोरजोरात टाळ्या वाजवायला लागलं. लाल मानेवरून तिनं ओळखलं.

त्या दिवशी शनिवारच होता. घरी येऊन तिनं नागपूरला फोन लावला आणि बातमी सांगितली. गिरजाबाईंनी विचारलं, "तू स्वतःहून मागितलं?"

"हो आई. मागितलं."

"बरं केलं," गिरजाबाई म्हणाल्या. "माझ्याच्यानं नाही झालं कधी. बरं केलं."

मग सवयीनं हर्षिता म्हणाली, "आई, ये ना इकडे."

"नको व माय. मी काय करू तिथं?"

"ये ना गं."

"नको, तुम्हाले कशाला त्रास."

कार्डावरची बाई बोलायला लागली, एक मिनिट उरलं आहे म्हणाली. एरवी इथेच फोन संपायचा. हर्षिताच्या हातातला रिसीव्हर एकदम जड झाला. किती शनिवार ती आईला दोनदा विचारून मोकळी होत आली होती. रिकवर ती रागावली होती, आणि रिकला तर नियमही माहीत नव्हता. तिला माहीत होता. तिला तो आईनंच शिकवला होता.

"आई," ती घाईनं म्हणाली, "मी तिसऱ्यांदा विचारते आहे. येतेस?"

फोन कटला असं तिला वाटलं. मग नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मागोमाग आईचा शाळेतला, कामाचा आवाज.

"फॉलचे कोणते रंग संपले तुझे, ते सांग लवकर," गिरजाबाई म्हणाल्या. "येताना घेऊन येते."